पृथ्वीच्या पोटात उतरायचं, तर विहिरीतून उतरा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: संगमनेरकडे वाचनालयाचा २४ बाय १८ फुटांचा हॉल मिळालाय, उंची ११ फूट, हाताशी तीन प्रोजेक्टर आणि एक बऱ्यापैकी संगणक. 'पृथ्वीच्या पोटात' नावाचा बारा मिनिटांचा अनुभव उभा करायचाय. त्यात ज्वालामुखी, गुहा आणि शेवटी थेट केंद्रापर्यंतचा प्रवास. लाव्हाच्या विकतच्या क्लिप तीन भिंतींवर लावून चाचणी घेतली, तर मुलं दोन मिनिटांत चुळबुळ करायला लागली आणि एक शिक्षक म्हणाले, "स्क्रीनसेव्हर वाटतो." म्हणून आता जास्त ल्युमेनचे, म्हणजे जास्त उजेडाचे, प्रोजेक्टर भाड्याने आणावेत का, असं तुम्ही विचारलंय.

नका आणू. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, पण साधारण ४,००० ल्युमेनचे असतील असं धरते. १६:१० आकाराचं चित्र ११ फूट उंच केलं की ते साडेसतरा फूट रुंद होतं, म्हणजे सुमारे १८ चौरस मीटर. ४,००० भागिले १८, दोनशे लक्सच्या वर (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारा उजेड). कागदावर लिहिलेला उजेड प्रत्यक्षात कधीच मिळत नाही, प्रोजेक्टर जुना असेल तर आणखी कमी, तरी शंभर लक्स पडतील. पडदे नीट लावलेल्या अंधाऱ्या हॉलला तेवढे पुष्कळ झाले.

मी सतरा वर्षं हेच काम करते आहे. संग्रहालयांत, प्रदर्शनांत, एकदा साखर कारखान्याच्या रिकाम्या गोदामातही केलं. ज्या ज्या वेळी 'चित्र कमी पडतंय' असं वाटलं, त्यातल्या बहुतेक वेळा प्रश्न दुसराच निघाला: प्रेक्षक कुठे उभा आहे हे ठरलेलंच नव्हतं. तुम्ही क्लिपचा जो क्रम लिहिलाय तो बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस ड्रोनवर आहे, मग लाव्हाच्या कडेला, मग लवणस्तंभांच्या गुहेत, मग अवकाशात जाऊन पृथ्वीचा कापलेला गोळा बाहेरून बघतोय. डोळे चार ठिकाणी फिरून आले आणि पाय वाचनालयाच्या फरशीवरच राहिले. पायांना पटत नाही तोवर डोळे टीव्हीच बघत असतात, भिंत कितीही मोठी असो. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

तुमच्या पुढे काही गोष्टी अशा आहेत ज्यांचं उत्तर मला इथे बसून देता येणार नाही. हॉल कायमचा मिळालाय की आठवड्यापुरता, शाळांचे गट येणार की जत्रेसारखी गर्दी, सोबत बोलणारं कुणी असेल की नाही, यावर बरंच ठरेल. मी गट बारा ते पंधरा जणांचा धरते आहे आणि हॉल निदान महिनाभर तुमच्याकडे आहे असं समजते. पन्नास जण एकदम आत सोडायचे असतील तर पुढचं बरंचसं लागू पडणार नाही.

आता पाय कुठे ठेवायचे ते. आपल्याकडे पृथ्वीच्या पोटात जायची एक वाट प्रत्येकाने पाहिलेली आहे: विहीर. तीन वर्षांपूर्वी मी सिन्नर तालुक्यातल्या एका जुन्या, बांधून न काढलेल्या विहिरीत दोराला रेकॉर्डर बांधून सोडला होता. मोटार बंद होती, दुपार टळली होती. वर उभं राहून खाली बघितलं की आधी काळी माती, मग पिवळट मुरूम, मग भुसभुशीत दगड, मग काळा पाषाण, आणि त्या काळ्याच्या मधोमध हातभर जाडीचा विटकरी पट्टा, त्याखाली पुन्हा काळा पाषाण. पट्ट्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरत होतं. कपारीतून दोन पारवे उडाले तेव्हा त्यांच्या पंखांचा फडफडाट आधी खालून ऐकू आला आणि मग ते डोळ्यांसमोरून वर गेले. खडा टाकला तर 'डुबुक' यायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागला. म्हणजे पाणी चाळीसेक फुटांवर. तो दीड सेकंद, ज्यात आपण श्वास धरून वाट बघतो, तोच मला पुढच्या सगळ्या कामाला पुरला.

कारण त्या भिंतीवर ज्वालामुखीच दिसत होता. तो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. विटकरी पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधला निवांत काळ: एक प्रवाह निवला, त्याचा माथा ऊनपावसाने कुजून लाल झाला, वर कधी राख पडली, आणि मग पुढच्या प्रवाहाने तो झाकला. भूशास्त्रज्ञ त्या थराला 'बोल' म्हणतात. असे थरावर थर बसून घाटमाथ्याकडे दोन किलोमीटरच्या आसपास जाडी झाली, आणि आज उरलेला विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. दख्खनच्या या लाव्हाथरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला ट्रॅप हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, कारण डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पृथ्वीच्या पोटातलं आपल्या पायाखाली आधीच येऊन बसलंय. तुमचे प्रेक्षक त्यावर घर बांधून राहतात, त्याचेच पाटा-वरवंटे वापरतात. म्हणून हवाई बेटांवरच्या लाव्हाच्या क्लिपने सुरुवात करू नका, त्यांच्याच विहिरीपासून करा.

रचना अशी सुचवते. हॉलच्या मधोमध अडीच फूट उंचीचा, आतून पाच फूट व्यासाचा गोल कठडा करा. एक प्रोजेक्टर छताला तोंड खाली करून टांगा आणि त्याचं चित्र कठड्याच्या आतल्या फरशीवर सरळ खाली पाडा. दहा फुटांवरून १.२ थ्रो रेशोच्या (अंतर भागिले चित्राची रुंदी) लेन्सने सव्वापाच फुटांच्या आसपास उंचीचं चित्र मिळतं, त्यात पाच फुटांचं वर्तुळ बसतं. झोत वर निमुळता असतो, त्यामुळे मुलांनी कठड्यावरून अर्धा फूट डोकं आत घातलं तरी सावली पडत नाही. मात्र प्रोजेक्टर असा तोंड खाली करून टांगला तर चालतो का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा. लेझरवाले बहुधा चालतात, दिव्याचे तापून बंद पडतात. उरलेले दोन २४ फुटांच्या एकाच भिंतीवर, मध्ये चांगला दहा-अकरा फुटांचा भाग एकमेकांवर चढवून. तेवढा चढ असला की जोड लपवणं सोपं जातं. बाकीच्या तीन भिंतींवर काहीही नको. काळा रंग नाहीतर काळं कापड. तीन भिंतींची हाव सोडलीत की निम्मं काम झालं.

कठडा कुणाकडून करून घ्यायचा, तर तुमच्याच गावात गणपतीच्या देखाव्यासाठी गुहा करणारी मंडळी असतील त्यांच्याकडून. तरट प्लॅस्टरमध्ये भिजवून सांगाड्यावर टाकायचं त्यांचं तंत्र मी आजवर पाहिलेल्या महागड्या सेटइतकंच चांगलं आहे. फक्त तरटाला अग्निरोधक द्रावण मारून घ्या आणि ते वाळल्यावर बाहेर एक तुकडा पेटवून बघा. अंधाऱ्या खोलीत मुलं असताना इथे चालढकल करायची नाही.

हा कठडा आणखी एक काम करतो. भिंतभर चित्र वर सरकायला लागलं की बऱ्याच जणांना गरगरतं, कारण डोळे सांगतात 'आपण पडतोय' आणि कानाच्या आतला तोल सांगतो 'उभे आहोत'. हाताखाली न हलणारा कठडा असला, नजरेच्या कडेला त्याचा काठ दिसत राहिला, की गरगरणं बरंच कमी होतं. तरीही उतरण्याचा वेग सावकाश ठेवा. विहिरीत पोहरा सोडतात त्याहून जास्त नको.

आता लाव्हाबद्दल, कारण सगळी मुलं त्यासाठीच येणार. तुमच्या क्लिपमध्ये शंकूसारखा डोंगर आहे आणि टोकातून कारंजं उडतंय. तसा डोंगर दाखवायचाच असेल तर अंदमानातलं बॅरन बेट दाखवा, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तो. पण दख्खनचा लाव्हा एखाद्या डोंगराच्या टोकातून आला नाही, मुख्यत्वे जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. माणसाने पाहिलेलं त्याच्या जवळचं उदाहरण म्हणजे आइसलंडमधली लाकीची भेग: १७८३ मध्ये फुटली, २७ किलोमीटर लांब, आठ महिने वाहत राहिली. दख्खनच्या मानाने तीसुद्धा लहानच. २०१८ मध्ये हवाई बेटावरच्या किलाउआ ज्वालामुखीच्या उतारावर वस्तीच्या रस्त्यांतून भेगा उघडल्या, त्याचं चित्रीकरण अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने केलंय आणि त्या खात्याचं स्वतःचं साहित्य सर्वांना मोकळं असतं. श्रेय देऊन वापरा. विकत घेतलेल्या क्लिपपेक्षा ते जास्त खरं आहे, कारण त्यात लाव्हा बहुतेक वेळ काळा दिसतो.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेसॉल्टचा लाव्हा १,१०० अंश सेल्सियसच्या वर असतो तेव्हा पिवळट नारिंगी दिसतो, ९००ला गडद नारिंगी, ७००च्या आसपास लाल, आणि ५००च्या खाली डोळ्यांना काळाच. हवा लागली की काही सेकंदांत वर साय धरते. आत तो वाहतच असतो, सायीखालून फुगतो, मग कडेला कुठेतरी फाटतो आणि नारिंगी जीभ बाहेर येते. तीही काळी पडते. लाव्हा म्हणजे लाल समुद्र हे चित्र डोक्यातून काढा. भिंतीचा नव्वद टक्के भाग काळा ठेवा, त्यावर खडबडीत सायीचा जेमतेम कळेल असा पोत, आणि एकाच ठिकाणी फट. त्या अंधारात ती एक फट उघडली की लोक मागे सरकतात. मी हे होताना पाहिलंय, आणि तेव्हा भिंतीवर उजेड अगदीच थोडा होता.

काळा रंग मिळवणं मात्र प्रोजेक्टरसाठी सर्वांत कठीण. काही न दाखवणारा प्रोजेक्टरही करडा उजेड टाकत असतो. भिंत पांढरीशुभ्र असेल तर हा उजेड खोलीभर उसळ्या मारतो. एका संग्रहालयात मी नको म्हणत असताना शेवटच्या दिवशी चारही भिंतींना पांढरा चकचकीत रंग मारला गेला, आणि आमची गुहा दवाखान्यासारखी दिसायला लागली. तुमच्या पडद्याच्या भिंतीला मध्यम राखाडी मॅट रंग द्या. ज्या क्षणी संपूर्ण अंधार हवा, त्या क्षणासाठी लेन्ससमोर एक छोटा फ्लॅप बसवा, साध्या सर्वो मोटारीने हलणारा. गावातला इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी ते दोन दिवसांत करून देईल. आणि आत शिरण्याआधी दीड-दोन मिनिटं लोकांना काळ्या पडद्यांच्या बोळात थांबवा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, पण पहिल्या दोन मिनिटांतही खूप फरक पडतो. त्या बोळात प्रत्येकाच्या हातात एक दगड द्या: सच्छिद्र बेसॉल्टचा, शक्यतो पोकळीत गारगोटी असलेला. अंधारात बोटांनी चाचपडत त्यांना ती छिद्रं कळू द्या. लाव्हातले वायूचे बुडबुडे होते ते.

आणि इथेच तुमच्या गुहेचं उत्तर आहे. तुम्ही लवणस्तंभांच्या क्लिप वापरल्यात. त्या चुनखडीतल्या गुहा आहेत, आंध्रातल्या बेलमसारख्या. पाणी चुनखडी विरघळवतं, छतावरून थेंबाथेंबाने परत जमा करतं, वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग अशा गतीने. बेसॉल्टमध्ये तसं होत नाही. आपल्या अजिंठा-वेरूळला तर गुहा म्हणणंही चूक, ती लेणी आहेत, छिन्नीने लाव्हाच्या थरांत खोदलेली. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली उतरत कोरलंय, ते तुमच्या उतरण्याच्या कल्पनेशी फार छान जुळतं, पण त्याला स्वतंत्र कार्यक्रम लागेल. इथे घुसडू नका.

तुमची गुहा म्हणजे तो बुडबुडा. लाव्हा निवल्यावर त्याच्या पोकळ्यांत खनिजं मिसळलेलं गरम पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले: स्टिलबाइट पीचच्या गराच्या रंगाचा, अपोफिलाइट कधी पाण्यासारखा तर कधी पोपटी, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला कॅव्हन्साइट, असा निळा की पहिल्यांदा पाहणाऱ्याला रंगवलाय असं वाटतं. जगभरच्या संग्रहांत वाघोलीचे नमुने आहेत. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तुम्हाला तासाभराच्या रस्त्यावर आहे, आधी तिथे अर्धा दिवस घालवा. मुठीएवढ्या पोकळीत कॅमेरा शिरला आणि ती २४ फुटांची झाली, तर मुलांना कुठलीही परदेशी गुहा लागणार नाही. शिवाय लाल-नारिंगीतून सुटका होते.

चित्रीकरणाची एक सूचना. सगळं थ्रीडी करायच्या मोहात पडू नका. फोटोग्रामेट्री, म्हणजे पुष्कळ फोटोंतून थ्रीडी मॉडेल जुळवणं, खडबडीत, अपारदर्शक दगडावर उत्तम चालते. विहिरीच्या भिंतीचं मॉडेल मी सहाशे फोटोंतून केलं, ढगाळ दिवशी, कारण कडक उन्हाच्या सावल्या मॉडेलमध्ये कायमच्या चिकटतात. पण स्फटिक पारदर्शक असतो, उजेड आरपार जातो आणि चमक जागा बदलते. सॉफ्टवेअर गोंधळतं आणि वितळलेल्या मेणासारखं काहीतरी देतं. त्यासाठी सरळ मॅक्रो लेन्स, छोटा स्लायडर आणि मिलिमीटर-मिलिमीटरने सरकत काढलेला व्हिडिओ. मागून एक लहान दिवा हळूहळू फिरवा. बस.

आता केंद्रापर्यंतचा प्रवास. इथे मी तुम्हाला जरा अडवते. तुमच्या आराखड्यात कवचाखाली लगेच लाल रस उकळतोय आणि आपण त्यातून पोहत जातोय. कवचाखालचं प्रावरण घन खडकाचं आहे. ते सरकतं, पण वर्षाला काही सेंटिमीटर, नखं वाढतात त्या गतीने. तिथला खडक कधीकधी लाव्हाबरोबर तुकड्यातुकड्यांनी वर येतो, कच्छच्या बेसॉल्टमध्ये असे तुकडे सापडतात आणि त्यातलं मुख्य खनिज ऑलिव्हिन, हिरवं. द्रवरूप आहे तो २,८९० किलोमीटरच्या खालचा लोखंडाचा बाह्य गाभा, आणि ५,१५० किलोमीटरच्या खाली पुन्हा घन. तो आतला गाभा इंगे लेमान या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी १९३६ मध्ये भूकंपलहरींच्या नोंदींवरून ओळखला.

हे प्रमाणात काढून बघा, मीही एकदा टेपने भिंत मोजून केलं होतं. तुमची ११ फूट भिंत म्हणजे पृथ्वीची ६,३७१ किलोमीटरची त्रिज्या धरली, तर वरच्या कडेपासून पाच फूट प्रावरण, उरलेले सहा फूट गाभा. चाळीस किलोमीटरचं कवच दोन सेंटिमीटर. रशियातलं कोला इथलं १२,२६२ मीटरचं भोक, माणसाने उभं खाली गाठलेली सर्वांत जास्त खोली, साडेसहा मिलिमीटर. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खणलेलं तीन किलोमीटरचं भोक दीड मिलिमीटर. आणि सह्याद्रीतला दोन किलोमीटर लाव्हा एक मिलिमीटर. तुमचा प्रोजेक्टर १,९२० बाय १,२०० पिक्सेलचा धरला, तर एक पिक्सेल त्या भिंतीवर पावणेतीन मिलिमीटरचा पडेल. सगळा सह्याद्री अर्ध्या पिक्सेलमध्येही मावून वर जागा उरते! हे नुसतं दाखवा. भिंतीच्या वरच्या काठावर एकच पांढरा ठिपका, आणि "आपली विहीर, आपले गड, आपले घाट, सगळं या ठिपक्यात आहे" एवढंच वाक्य.

मग त्याखाली उतरायचं कसं? कॅमेऱ्याने नव्हे, लहरींनी. आत काय आहे हे आपल्याला कळलं तेच मुळी भूकंपाच्या लहरी ऐकून. कुणीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. म्हणून तिथे मी रंगीत उकळतं दृश्य कधीच करत नाही. काळ्या भिंतीवर वरच्या ठिपक्यापासून दोन पांढऱ्या वर्तुळलहरी निघू द्या, भूकंपातून निघणाऱ्या दोन प्रकारच्या लहरी, एक पी आणि एक एस. खाली जाताना त्या वळतात, कारण खोलवर वेग वाढतो. गाभ्याच्या काठाशी पोचल्यावर एस लहर विझते, ती द्रवातून जात नाही. पी लहर एकटी पुढे जाते आणि वीसेक मिनिटांत पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला निघते. बारा पट वेगाने दाखवलंत तर शंभर सेकंद. ती एक लहर विझते त्या क्षणी हॉलमध्ये कुणी बोलत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत हेच लिहिलेलं असतं, पण तिथे कुणाला दुसरी लहर नाहीशी झाल्याची हुरहूर लागत नाही.

काळाचंही तसंच गणित करून ठेवा, निवेदनासाठी नव्हे, स्वतःसाठी. ६.६ कोटी वर्षं बारा मिनिटांत बसवली तर एक सेकंद म्हणजे सुमारे ९२ हजार वर्षं. अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यापासून आजपर्यंतचा काळ सेकंदाला साठ फ्रेम (चित्रं) असलेल्या व्हिडिओत दीड फ्रेमही भरत नाही. आणि लाव्हाचे बहुतांश प्रवाह सुमारे दहा लाख वर्षांच्या आत झाले, म्हणजे अकरा सेकंद. त्यातही मध्ये मध्ये हजारो वर्षांची शांतता, तळी, झाडं. विदर्भाकडे लाव्हाच्या थरांमध्ये त्यांचे जीवाश्म सापडतात. सतत स्फोट दाखवणं म्हणूनच चूक. तुमच्या बारा मिनिटांत निदान चार मिनिटं काहीही घडू नये, फक्त पाणी ठिबकत राहावं.

आवाज. माझं ठाम मत आहे की पैसे उरले तर ते इथे घाला: चांगला सबवूफर आणि कठड्याभोवती लाकडी तक्तपोशी, तिच्याखाली आवाजाबरोबर थरथरणारे दोन बेस शेकर. भूकंपलहरी आणि ज्वालामुखीची थरथर आपल्या कानांच्या कक्षेखाली असते, बऱ्याचदा सेकंदाला एखादं आंदोलन. जगभरच्या भूकंपमापकांच्या बऱ्याच नोंदी खुल्या मिळतात. त्या साठ पट वेगाने वाजवल्या की पायांना कळेल असा आवाज होतो. विकतचे गडगडाट टाकण्यापेक्षा खरी नोंद वापरा, ती अनियमित असते आणि शरीर ती वेगळ्या तऱ्हेने घेतं.

पण इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वीच्या कामात मी तक्तपोशी अचानक हादरवत होते. लातूरकडच्या एक आजी नातवंडांना घेऊन आल्या होत्या. पहिल्या हादऱ्याला त्या उठल्या, दोन्ही पोरांची मनगटं धरली आणि दाराकडे धावल्या. दार काळ्या पडद्यामागे लपवलेलं होतं, माझ्याच आग्रहाने. त्यांना ते सापडेना. बाहेर आणल्यावर पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "पोरी, असाच आवाज आला होता गं." ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट त्यांनी पाहिली होती. अनुभव खरा वाटावा म्हणून मी धडपडत होते आणि तो कुणासाठी आधीच किती खरा आहे, याचा विचार केला नव्हता. त्या दिवसापासून दार कधी लपवत नाही, बाहेर पडायच्या वाटेचा दिवा कुठल्याही परिस्थितीत विझवत नाही, बोळातच सांगते की आत जमीन थरथरेल, आणि थरथर शून्यापासून हळूहळू चढवते. बंद जागेची भीती असलेल्यांसाठी दाराजवळ बाकडं ठेवते. वेगाने लुकलुकणारा उजेड टाळते, सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके नाहीतच, फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांना ते घातक असतं. तुमच्याकडे शाळेची मुलं येणार, त्यामुळे हे सगळं तुम्हालाही लागू आहे.

किरकोळ गोष्टी झटपट. प्रोजेक्टरच्या मागच्या हवेला वाट ठेवा. संगणकाला यूपीएस हवाच, लेझर प्रोजेक्टर वीज गेल्यावर सावरतात पण प्लेबॅक बिघडतो. पावसाळ्यात जुन्या इमारतीत लेन्सवर बाष्प धरतं, हॉल उघडण्याआधी तासभर पंखे लावा. जोड लपवायला आणि गोल चित्र बसवायला मॅडमॅपर किंवा रिझोल्यूम अरीना, यांतलं जे सॉफ्टवेअर हाताखालच्या मुलांना येतं ते.

या आठवड्यात प्रोजेक्टरला हात लावू नका. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन एक न बांधलेली विहीर शोधा, दोघं-तिघं मिळून जा, आणि आत उतरू नका, जुन्या विहिरींत हवा दूषित असते आणि वरून ते कळत नाही. दोराला रेकॉर्डर बांधून पाण्याच्या हातभर वर ठेवा, मोटार बंद करायला सांगा, अर्धा तास कुणी बोलायचं नाही. शेवटी एक खडा टाका. मग हॉलमध्ये पडदे ओढून, चित्र काहीच न लावता, ते रेकॉर्डिंग दहा मुलांना ऐकवा, स्पीकर फरशीवर मध्यभागी ठेवून. मुलं वाकून फरशीकडे बघायला लागली, तर प्रोजेक्टरचं मॉडेल आणि छताच्या तुळईची नेमकी उंची मला कळवा. किती उंचीवर टांगायचा ते मी काढून देते.